आटाची पट्टी

डिस्पॅच चलनांचे रद्द झालेले कागद,
सोळा, चिकटपट्टीने जोडले पाठीकडून,
आणि जेवणाच्या सुट्टीत
कुपवाडच्या आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात
टेबलावर पालथी होऊन
मी एक गिटार काढत होते.
पुऱ्या मापाची. एकास एक.

भडंगाचं तेल लागलं एका शिंगाला.
तिथं कागद पारदर्शक झाला
आणि पलीकडची ऑर्डर दिसायला लागली:
पंप केसिंग, बारा नग, कराड, अर्जंट.

"काय काढालीस? बशी का पंखा?"
पॅटर्न शॉपमधून भरमाण्णा पाणी प्यायला आले होते.
गिटार, मी म्हटलं.
"वीजवाली?"
वीजवाली.
"मग आतनं भरीव असणार."
ज्यानं आयुष्यात गिटार हातात धरली नाही
त्यानं पहिलीच गोष्ट बरोबर सांगितली.

आधी सहा मिलीच्या प्लायचा साचा.
मग तो शिवणीच्या फळीवर डकवायचा.
राउटरच्या बिटाला बेअरिंग असतं,
ते साच्याच्या कडेकडेनं चालतं,
अंधारात भिंतीला हात लावून चालावं तसं.
भिंतीला पोक, तर वाटेलाही पोक.
लाकूड तुमची चूक निमूट गिरवतं.

म्हणून कानस. मग पॉलिश पेपर.
मग डोळे मिटून कडेवरनं अंगठा.
डोळ्याला न दिसलेला उंचवटा
अंगठ्याला भातातल्या खड्यासारखा लागतो.
हे भरमाण्णांनी शिकवलं,
आणि फडक्यात गुंडाळलेली आपली पोलादी पट्टी दिली,
जी ते कुणाला देत नसत.
तीन रविवार मी तिच्यावरूनच सगळं मोजलं.

बंगळूरहून नेक आला, पार्सलात, जुना, कुणाचा तरी.
खाचेत बसवला
तर हलायला लागला दुधाच्या दातासारखा.
ब्रिजची रेघ सहाशे अठ्ठेचाळीसवर हवी.
भाच्याच्या कंपासपेटीतली पट्टी लावली:
सहाशे चौपन्न, वर थोडं.
पुन्हा लावली.
मग दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या
आणि बघत बसले
एका सेंटिमीटरपेक्षा दुसरा सेंटिमीटर
किती ऐसपैस असतो ते.

बीड निवताना आटतं, शंभराला एक.
म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच लांब,
आटाची पट्टी,
जे कमी होणार ते आधीच धरून चालणारी.
भरमाण्णांकडे दुसरी नव्हतीच.

ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "आयला.
घरातलं देव्हाऱ्याचं दारबी मी हिनंच केलतं.
चौदा वर्सं झाली, लागत न्हाई.
मी आपला पावसाळ्याला शिव्या घालालतो."

दुसरा साचा साध्या पट्टीनं.
ती भाच्याला सोमवारी शाळेत हवी होती,
म्हणून एका रात्रीत, ट्यूबलाइटखाली,
आणि डावं शिंग जरा बोथट आलंय.
राहू दे म्हटलं.

पहिला मी मोडायला काढला होता.
भरमाण्णांनी हातातनं घेतला,
नेहमीसारखा लाल रंग दिला, पांढऱ्यात नंबर घातला,
आणि टांगला शेडच्या भिंतीला,
इम्पेलर आणि गटाराच्या झाकणाच्या मधे.
"बिडात वतली तर मापात यील बघ, केसाला केस."
मग भिंतीकडं बघत, थोड्या वेळानं,
"उचलायला मातर दोघं लागतील."