राखीव, क्रमांक दोन

दोनशे बारा अर्ज. जागा बारा.
हडर्सफिल्डच्या कालव्याकाठची जुनी गिरणी,
तिला आता काचेची दारं, आणि आत एक बाण:
नवउद्योजक प्रशिक्षण, तिसरी फेरी, इकडे.
छातीवर नावाची पट्टी चिकटवली त्यांनी.
सुलक्षणातलं एक अक्षर गळालेलं,
टाका सुटावा तसं. मी काही बोलले नाही.

लाकडी जमिनीवर तेलाचे काळे डाग, ओळीनं.
बाकीच्यांना ती सजावट वाटली असेल.
मी डागांवरून माग मोजले:
इथे एक, इथे एक,
आणि मधून जॉबरला जायला एवढीशी वाट.
इचलकरंजीत बाबा अशाच वाटेनं तिरके चालायचे.
घरातसुद्धा.
मोकळ्या अंगणातसुद्धा तिरके.

माझा नंबर नववा. दोन तास बसायचं.
एक बाई मधमाश्या भाड्यानं देणार होती.
शेजारी कॅलम, चोवीसेक वर्षांचा,
भिंतीतली ओल ऐकू येते म्हणे त्याच्या यंत्राला.
अंगात आजोबांचा कोट,
आणि बरोबर कॉलरखाली कसरीनं खाल्लेलं भोक.
तो सारखा हात ठेवत होता तिथं,
छातीत दुखतंय असं वाटावं इतका.
म्हटलं, काढ.

आतल्या शिवणीतून त्याच कोटाचा दोरा उसवून घेतला.
रफूला बाहेरचा दोरा चालत नाही,
रंग कितीही जुळू दे, पहिल्या पावसात उघडा पडतो.
उभे धागे आधी. मग आडवे, एक वर, एक खाली.
त्याचं नाव पुकारलं तेव्हा गाठ आत लपवत होते.

मग मी.
तीन मिनिटं, आणि समोर उलटं धावणारं घड्याळ.
पाच वर्षांचे आकडे मी पाठ केले होते
आंघोळ करताना, बस थांब्यावर, कुणीही असताना.
परीक्षक बाई म्हणाल्या, सुंदर आहे हो, पण
हे स्केल होईल का?

आमच्या शाळेत स्केल म्हणजे पट्टी.
ती हातावर बसायची.

आकडे कुठं गेले कोण जाणे. मी म्हणाले,
एक बाई दिवसाला चार भोकं भरते.
दुसरीला शिकवलं की आठ.
याहून घाई केली तर ते दिसतं.

कुणी हसलं नाही.
हेग म्हणून एक म्हातारे होते कडेला, ते म्हणाले,
माझी आई इथेच, वरच्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडकीशी हेच काम करायची.
पन्नाशीत डोळे गेले तिचे.
हे ते माझ्या बाजूनं बोलले की विरुद्ध,
मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी मेल आला. मी वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात,
हातात एकशे चौदा उशांचे अभ्रे.
आपण राखीव यादीत आहात, क्रमांक दोन.

राखीव.
या शब्दासाठी बाबांनी तहसिलीत अकरा खेटे घातले होते,
आणि कॉलेजात तोच शब्द
माझ्याकडे न बघता म्हणायचे लोक.
इथे अर्थ सोपा आहे:
बारांतले दोघं गळायला हवेत.
वाईट चिंतू नये कुणाचं.
पण मधमाश्यांच्या बाईला, मला आठवतंय,
खोकला होता.

रात्री कॅलमचा फोटो आला. निवड झाली त्याची.
अंगात तोच कोट, आणि खाली लिहिलंय,
कुठे होतं ते, सांग ना.
मी दोन बोटांनी फोटो मोठा करत गेले,
कॉलरचे नुसते राखाडी ठिपके होईपर्यंत.
मलाही सापडलं नाही.

दिवा मालवल्यावर लक्षात आलं,
पैसे मागायचे राहिलेच.