जमणी बाजू

दंड गेंटहून आला, साध्या टपालानं,
लग्नाला साडेचार महिने झाल्यावर,
दांडिया बाजारच्या पत्त्यावर.
सासऱ्यांनी चष्मा पुसून वाचला:
एकच रस्ता, जिथं बाहेरच्या गाड्यांना बंदी,
एकच रात्र,
तीनदा.
आठ बावन्न, नऊ दहा, नऊ सदतीस.
"तीनदा कशाला गेलात रे?" त्यांनी विचारलं,
जणू तिथं आमचं कुणाकडे जेवण होतं.

उदयन कानामागे खाजवत म्हणाला,
त्यांच्या सिस्टिमची चूक असेल.

चूक नव्हती.
भाड्याची पांढरी गाडी, स्टिअरिंग नको त्या हाताला.
तो वळण्यासाठी सिग्नल द्यायचा
आणि सुरू व्हायचा वायपर,
कोरड्या ठक्क काचेवर, प्रत्येक वळणाला:
नाही नाही, नाही नाही.
मागे ट्रामची घंटा. पुढे कालवा, पूल,
पुन्हा तोच घड्याळाचा मनोरा.
फोन मेलेला.
हॉटेलचा पत्ता ज्या कागदावर, तो कागद हॉटेलात.
अकरा दिवसांचं लग्न;
एकमेकांना हाक मारायची वेळ आली की
आम्ही "अगं" आणि "अहो नाही, अरे" यांत अडकायचो.
तिथं तो पहिल्यांदा ओरडला,
"मालविका, बघ ना काहीतरी!"

मी बघितलं.
म्हटलं, ही लाल टोपलीची सायकल मघाशी पण होती.
ती सायकल अजून एकदा आली.
तिसऱ्यांदा आली तेव्हा
त्यानं गाडी कडेला घेतली, कपाळ टेकलं स्टिअरिंगवर,
हॉर्न वाजला,
आणि आम्ही हसत सुटलो,
वायपर चालूच.

त्या शहरात आम्हा दोघांनाही काही येत नव्हतं.
इतकी बरोबरी नंतर झाली नाही.

इथं तो इथला.
डोळे मिटून सुरसागरला वळसा घालतो,
न्यायमंदिरापाशी कधी कोंडी होईल, त्याला आधी कळतं,
पानवाल्याला त्याच्या आजोबांचं नाव ठाऊक.
मी ग्वाल्हेरची. माझ्या मराठीत हिंदी डोकावलं
की नणंद हसते;
तिच्या मराठीतलं गुजराती
या घरात कुणालाच ऐकू येत नाही.
साडेचार महिने डावीकडच्या सीटवर बसून
मी हे शहर पाहिलं,
तो सांगेल त्या नावांनी.

मंगळवारी म्हटलं, दंड मी भरून येते.
गाडीची किल्ली घेतली.
सासूबाई म्हणाल्या, "रिक्षा कर ने."

बँक सापडली. परतीचा रस्ता नाही.
मांडवीच्या कमानींभोवती फिरले,
चारी बाजूंनी सारखीच,
तोच बांगड्यांचा ठेला,
तोच सुऱ्यांना धार लावणारा म्हातारा,
आणि मग परत तोच.
फोन वाजला.
"कुठं आहेस? समोर काय दिसतंय?"
"बघते," म्हटलं.
आणि ठेवून दिला.

काच खाली करून धारवाल्याला विचारलं.
त्यानं चाक थांबवलं नाही,
ठिणग्यांमागून बोलला,
"सीधा, पछी जमणी बाजू, बेन."
जमणी म्हणजे उजवी, इतकं येतं मला.
तरी कानात शिरलं ते असं:
जमेल, बेन.

वळले. गल्ली अरुंद होत गेली,
दोन्ही आरसे मिटावे लागले,
एका गाईनं बॉनेटवर हनुवटी ठेवून विचार केला
आणि वाट दिली.
घरी पोचले सव्वासातला.
पावती त्याच्या हातात दिली.

रात्री अंधारात त्यानं विचारलं, "आलीस कुठून तू?"
मी सांगू लागले: धारवाला, मग उजवीकडे,
मग एक हिरवं घर, लाकडी सज्जाचं,
सज्जात रिकामा पिंजरा, पिंजऱ्यात मनीप्लँट...

"असं घर नाहीये तिकडे."
"आहे."
"अगं, मी जन्मलोय इथं."
"आहे, उदयन."

तो थोडा वेळ गप्प. मग दिवा लावून उठून बसला.
"उद्या दाखव मग."

मी कूस बदलली.
म्हटलं, सापडलं तर.