गव्हर्नरचा टॉवेल

पहिल्यांदा आला तेव्हा हातरुमालाएवढा होता.
दोनशे नग, पांढऱ्यावर निळं,
कुठल्याशा गावच्या मेयरपदाला उभा.
बोमड्याल शेठ म्हणाले, "येमूल, स्पेलिंग चुकवू नको.
एच, ओ, दोन एल, आय, एस. हॉलिस."
मी ग्राफवर चौकोन भरले, कार्डांना भोकं पाडली.
जकार्डावर नाव म्हणजे भोकंच.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं पडून राहतो.

सहा वर्षांनी थोराड होऊन आला.
बाथ टॉवेल, तीस बाय साठ,
काठालगत उभं नाव
आणि नावाआधी आणखी आठ अक्षरं:
गव्हर्नर.
दहा हजार नग. अक्कलकोट रोडला तिन्ही पाळ्या.
नरसम्मानं विड्यांचं सूप बाजूला सारून काठ शिवले.
"एवरू ईयना?"
त्यांच्याकडचा मुख्यमंत्री समज, मी म्हटलं.
"मग त्याच्या नळाला रोज पाणी येत असेल."

दुसऱ्या खेपेला चेहराच मागितला त्यांनी.
हसू विणायचं तर ते कुठं थांबतं
ते मोजावं लागतं.
उजवीकडं बावीस दोरे, डावीकडं एकोणीस.
आख्ख्या पूर्व भागात मला एकट्याला ठाऊक,
हा माणूस अर्धवट हसतो.

कंटेनर न्हावाशेव्याला पोचायच्या आत फोन.
कुणी म्हणे पुलाचं कंत्राट, कुणी म्हणे मेहुणा.
"मेहुणा सगळीकडं असतो,"
एवढंच बोलून शेठनी गठ्ठे माघारी आणले.
मंगळवार बाजारात किलोवर गेला.
त्या मे महिन्यात हमालांनी त्याला भिजवून
डोक्यावर घेतला,
साखर पेठेतल्या न्हाव्यानं गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधला,
माझी नात त्याच्यातच गुंडाळून दवाखान्यातून आली.
तिथं कोण पुसत होतं त्याला, कळायला मार्ग नाही.

परवा शेठच्या नातवाला मेल आला.
बारा नग. नुसतं हॉलिस.
पदवी नको, चेहरा नको, घरच्या वापराला.
आता सगळं कॉम्प्युटरवर. पण मागच्या शेडात
एक जुना माग अजून खडखडतो.
मी माळ्यावरून कार्डांची माळ उतरवली,
दोरा सोडला,
पुढची आठ अक्षरं वेगळी काढली.

ती नरसम्मानं बंबात घातली.
पाचव्या दिवशी नळ आला होता,
अंघोळी उरकायच्या होत्या.