नेहमीचं वजन

विनेमकाच्या बाहेर, जिथे डांबर संपतं
आणि सेजब्रशची करडी झुडपं थेट डोंगराला भिडतात,
तिथे माझं गॅरेज.
लोक येतात ते उंची मागायला.
चार इंच दे माइते, सहा दे,
जणू मी शिंपीण, आणि शिवणीत कापड शिल्लक आहे.

मी आधी विचारते, मागे काय असतं?
म्हणजे रोज. म्हणजे जे कधी उतरवलंच जात नाही असं.
बहुतेक जण इथे गप्प होतात.
एकानं सांगितलं, काही नाही, एक फावडं.
त्याला कॉफी पाजून परत पाठवला.

बेन्यात आला मे महिन्यात,
मेंढ्या वरच्या कुरणांत चढायच्या आधी.
मधल्या आकाराचा पिकअप, अकरा वर्षांचा,
मागचे पाटे सपाट होऊन उलटे वाकायला आलेले.
म्हणाला, घळीतल्या वाटेवर दगड पोटाला लागतात.
चार इंच हवेत.

मी म्हटलं, चार इंचांत पुढचे अ‍ॅक्सल तिरके फिरतात,
रबरी बूट फाटतात, ग्रीस सगळं चाकभर.
वरचे आर्म बदलायला लागतील, ब्रेकच्या नळ्या लांब करायला लागतील,
आणि वळणावर गाडी डुलेल
खांद्यावर झोपलेल्या पोरासारखी.
तो ऐकत होता, पण नजर कॅटलॉगमधल्या गाडीवर.
ती लाल खडकावर उभी होती,
एकही ओरखडा नसलेली, आत कुणी नसलेली.

मागे काय असतं, बेन्यात?
पाणी. साठ गॅलन. मीठ. तंबू.
दोन कुत्री, पण ती धरू नकोस, एका जागी बसतच नाहीत.
आणि?
आणि खुर्ची.

खुर्ची कुणाची ते मी विचारलं नाही.
तीन वर्षांपूर्वी मेंढ्या सकाळी आपणहून खाली आल्या,
मागोमाग घोडा, खोगीर पोटाखाली लोंबणारं,
आणि शाबिएर आला नाही.
दुपारी चौघांनी त्याला दारावर घालून आणलं.
अख्ख्या गावाला माहीत आहे ते दार कुणाच्या घरचं.

त्याला वर न्यायचंय, बेन्यात म्हणाला.
पाणवठ्यापर्यंत. एकच रात्र.

मग मी कॅटलॉग मिटला आणि टेप काढली.
खुर्ची खाली घेतली, मोजली. एकोणीस इंच.
गाडीची सीट, आहे त्या पाट्यांवर, एकतीस.
मध्ये बारा इंच, एक गुळगुळीत फळी
आणि भावाची कंबर.
दगडाकडून घेतलेला प्रत्येक इंच
तिथूनच वळता होणार होता.
बेन्यात टेपकडे बघत राहिला.
त्याला हे मोजायचं नव्हतं.

दोन, असा आवाज आला.
शाबिएर गाडीतच होता, सगळा वेळ, काच खाली करून.
दोन इंच बस. आणि त्याला म्हणावं,
दगड चुकवायला शिक. घोडा चुकवायचा.
घोड्यानं चुकवला नाही ना, बेन्यात म्हणाला.
एकदा, शाबिएर म्हणाला.

मग दोन इंच. मागे जाड पाटे, एक पान जास्तीचं,
पुढे उंच स्प्रिंगा, चांगले शॉकप, स्वस्तातले नाहीत.
सांगितलं, रिकामी चालवलीस तर हाडं मोजेल,
वजन घातलंस की शहाणी होईल.
आणि पाचशे मैलांनी परत आण.
नवे पाटे बसतात. किती, ते मला आधी सांगता येत नाही.

जुलैत आले. आतबाहेर पांढरी धूळ,
बंपरच्या फटीत लोकर.
पाव इंच बसले होते पाटे. चाकं सरळ केली, नट पुन्हा आवळले.
खाली झोपून पाहिलं, तर पोटाच्या पत्र्याला
लांबलचक ताजा ओरखडा.
बेन्यात, हे काय?
तो काही बोलेना. बुटांकडे बघत राहिला.

तो माझा, शाबिएर वरून म्हणाला.
मीच सांगितलं होतं, डावीकडून घे.