तीच वही

एकतीस वर्षं मी याच वहीत लिहिलं:
पाण्याची उंची, दाब, फेरे, किलोवॅट.
सकाळी सहा, संध्याकाळी सहा.
पाल्तोयोकीचं वीजघर तसं एवढंसंच,
पण आवाज असा, की हिल्का म्हणायची,
तू झोपेतसुद्धा तसाच घरघरतोस, तौनो.

मग बंधारा फोडला.
मी बघायला गेलो नाही. सरपण फोडत बसलो.
तीन दिवसांत तळं उतरलं.
तळाशी निघाली एक सायकल, कुणाची तरी किटली,
आणि काळा चिखल,
ज्याचा वास महिनाभर गावाच्या कपड्यांना.

शहरातून वेन्ला आली, छातीपर्यंतचे बूट घालून.
ट्रॅक्टरने गोटे ओतून घेतले, मुठीएवढे, अंड्याएवढे.
ट्राउटला असेच लागतात, म्हणाली.
तुला कुणी सांगितलं?
ट्राउटनेच.

पहिल्या ऑक्टोबरात शून्य.
दुसऱ्या ऑक्टोबरात शून्य.
तिसऱ्या वर्षी वेन्ला तापाने पडली,
म्हणून मीच उतरलो. वहीत कोरी पानं होतीच.
पाणी घोट्यांना चावत होतं.
पुलाखाली गोट्यांचा एक तुकडा उजळ दिसला,
शेवाळ झटकून रात्रीतून कुणी
अंथरूण घालून ठेवावं तसा.
एक.
पुढे वळणावर आणखी दोन.

शंभर वर्षं इथे भिंत होती.
या माशांच्या पणजीच्या पणजीनेही
वरचा खळाळ पाहिलेला नाही.
वाट कुणी दाखवली, मला विचारू नका.
मी आकडा लिहिला, जुन्या सवयीने
फेऱ्यांच्याच रकान्यात: तीन.

एक गोष्ट मात्र अहवालात नाही.
तळ्यावर पाणबुड्या पक्ष्यांची जोडी यायची,
काळ्या गळ्याची, मे महिन्यात, बर्फ फुटला की.
ती हाक आली की हिल्का
हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची.
बंधारा गेल्यावरच्या मे महिन्यातही जोडी आली.
चिखलावर तीन घिरट्या घातल्या,
एकदाच ओरडली,
आणि उत्तरेकडे गेली.
ते तळं माणसांनी केलेलं होतं,
त्यांना काय ठाऊक.

वेन्लाला सांगितलं. बराच वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, लिहा.
त्याला रकाना नाही, मी म्हटलं.
समासात लिहा.

नावेचा धक्का अजून उभा आहे,
खाली कंबरभर गवत.
संध्याकाळी सहाला मी तिथे जाऊन बसतो.
काल एक कोल्हा
माझ्या पायांखालून गेला,
वर न बघता.