आतलं धुकं

मागचा दिवा मीच फोडला, रिव्हर्स घेताना,
सोसायटीच्या नळाच्या कठड्यावर.
कंपनीचा दिवा चार हजार दोनशे, आठ दिवस थांबा.
सारडा सर्कलला दिल्लीच्या मालाची जोडी
तेराशेला, लगेच, आणि वर
"ओरिजिनलपेक्षा भारी दिसते, ताई."

दिसत होती खरी.
नोव्हेंबरभर.

डिसेंबरात हिरावाडीत
पाटाच्या कडेकडेनं थंडी आली
आणि एका सकाळी डाव्या दिव्यात,
कुणी आत बसून रात्रभर श्वास सोडावा तसं.
ओढणीनं पुसलं.
पुन्हा पुसलं.
मग कळलं, बाहेरून तो कोरडा ठणठणीत आहे.

हसू आलं, कारण अंबडला
मी ज्या खात्यात आहे ते गळतीचंच:
पॅनेलच्या पेट्यांवर दहा मिनिटं पाण्याचा फवारा,
झाकण उघडून आत टिश्यू फिरवायचा,
एक थेंब सापडला की लाल स्टिकर.
अकरा वर्षांत किती पेट्या माघारी धाडल्या
त्याची मोजदाद नाही.

रविवारी दिवा उतरवला. तीन नट, एक सॉकेट.
शेजारच्या बागूल वहिनींचा हेअर ड्रायर,
मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात तशा
नव्या बुटांच्या खोक्यातल्या त्या पुड्या,
आणि मग सिलिकॉन,
सांध्यासांध्यातून, कडांवरून,
जिथे भोक दिसलं तिथे बोटानं दाबून.
एकही फट सोडली नाही.
मन लावून काम केलं की मला दुसरं काही आठवत नाही
आणि त्या हिवाळ्यात
मला काहीच आठवायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धुकं नव्हतं.
पाणीच होतं. चमचाभर, तळाशी.
ब्रेक दाबला की लाल व्हायचं,
वळायचं म्हटलं की नारिंगी,
नुसतं डुचमळत राहायचं.

वडाळा नाक्याच्या नईमनं दिवा कानाशी धरून हलवला,
बाजारात नारळ हलवतात तसा.
माझ्या सिलिकॉनवरून अंगठा फिरवला.
"काम एकदम साफ आहे. फक्त
नाक दाबलंय तुम्ही याचं."
ही दोन भोकं मुद्दाम असतात, म्हणाला.
बल्ब तापला की हवा बाहेर टाकतो,
गार झाला की ओढून घेतो.
"तो श्वास घेणारच, मॅडम. थोडं पाणी येणारच.
जायला वाट ठेवायची, बस."

हे मला माहीत नव्हतं असं नाही.
आमच्या पेट्यांनाही खालच्या कोपऱ्यात
असतो करंगळीएवढा ब्रीदर.
ड्रॉइंगवर सही माझी असते.

त्यानं कटरनं माझं सगळं खरवडून काढलं,
भोकावर स्पंजचा तुकडा बसवला
आणि तोंड खाली वळवून
बोटभर सलाइनची नळी.
नळी कुठून आणली ते विचारलं नाही.
तसल्याच नळीतले थेंब
निरंजनच्या उशाशी मी मोजलेत, रात्र रात्र,
एका मिनिटात किती,
रजिस्टरात लिहायचे असल्यासारखे.

घशात काहीतरी आलं.
नईमनं मान वर केली नाही,
स्क्रू बराच वेळ शोधत राहिला.
दीडशे रुपये. चहा त्याच्याकडून.

अजूनही थंडीत सकाळी
डाव्या दिव्याच्या कोपऱ्यात नखाएवढं धुकं असतं.
मला चालवताना ते दिसत नाही,
मागच्यांना दिसतं.
अमृतधामच्या सिग्नलला कुणी दुचाकीवाला
काच खाली करायला लावतो,
"ताई, लाइटमध्ये पाणी शिरलंय."
हो, म्हणते मी,
गरवारेपर्यंत जातं.
आणि हिरवा पडतो,
आणि मी पूल चढते.