सेहेचाळीस नंबर

मागचा डावा पाय रात्री खचायचा.
आधी कळलं ते उशीला,
मग स्टीलच्या पेल्यातल्या पाण्याला.
एका काठाशी ते जास्त भरल्यासारखं दिसायचं,
आणि सदतीस वर्षं मी वर्गात सांगत आले होते
की पाण्याची पातळी खोटं बोलत नाही.

विश्वंभरराव म्हणाले, काळी जमीन आहे,
मे महिन्यात भेगाळणारच, गाडीचा काय दोष?
त्यांनी पायाखाली बाभळीची फळी सरकवली.
दुसऱ्या दिवशी आणखी एक.
मी वाद घातला नाही.
जॅकच्या चकचकीत दांड्यावर
नळीच्या तोंडापासून दोन बोटं खाली
खडूची एक रेघ ओढली
आणि झोपले, डोकं उतारावर.

सकाळी एकच बोट उरलं होतं.
जमीन जागच्या जागी.
घरच आपल्या गुडघ्यात वाकत होतं.

गाडीचं माहितीपुस्तक थंड मुलखात लिहिलेलं.
त्यात एक पातळ लाल तेल सांगितलंय,
उणे वीसलाही वाहणारं.
परभणीत उणं पुष्कळ असतं,
पण ते पाऱ्यात नसतं.

जिंतूर रोडला मुजम्मिल मिस्त्री,
जेसीबीची कोपरं दुरुस्त करणारा.
टाकीचं झाकण उघडून त्यानं काडी बुडवली,
तळहातावर थेंब घेतला, उन्हाकडे धरला.
लग्नाच्या मठ्ठ्यात कुणी कुंकू सांडावं
तसा गुलाबी फेस.
"पानी शिरलंय म्याडम. हवा बी.
हवा दबती, तेल दबत न्हाई.
म्हनून तर घर तेलावर ठिवतेत."
हे मीच शिकवलं होतं, सातवीला,
पिचकारीचं तोंड अंगठ्यानं बंद करून.
मी गप्प ऐकलं. परीक्षा आज माझी होती.

दुकानात तीन डबे.
बत्तीस, सेहेचाळीस, अडुसष्ट.
विश्वंभररावांचा हात अडुसष्टकडे,
जाड ते चांगलं, तुपापासूनचा त्यांचा हिशेब.
"थंडीत पहाटं पंप रडंल," मिस्त्री म्हणाला,
"आन् बत्तीस दुपारी पान्यावानी हुईल. मधलं घ्या.
लालमधी मात्र मिसळू नगा,
नळ्यातलं बी समदं काढा."
"आणि एवढं करूनही नाही थांबला पाय, तर?"
"बनी तो बनी," तो हसला, "नहीं तो परभनी."

गाडीखाली शिरताना त्यानं
लाकडी ठोकळे लावले चारी बाजूंनी.
तेलावर घर ठेवा म्हणणारा माणूस
स्वतःची छाती तेलावर ठेवत नव्हता.

गुलाबी ताक तासभर गळत राहिलं.
गाळणी निघाली ती गाळानं काळी.
मग नवं तेल, मधाहून फिकं, सुपातून ओतल्यासारखं सावकाश,
आणि मग घराच्या उठाबशा.
वर, खाली, वर, खाली, सात वेळा,
आत भांड्यांचा खणखणाट, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पालथा,
टाकीत बुडबुडे, बुडबुडे,
मग बारीक बुडबुडे,
मग काहीच नाही.
चारी पाय पोटात घेऊनच शेवटची पातळी बघायची,
हे त्यानं मला दोनदा सांगितलं,
विश्वंभररावांना एकदाही नाही.

जुनं तेल शेजारच्या कुंडलिकनं मागून नेलं,
गोठ्याच्या खांबांना लावायला.
वाळवीला नंबर कळत नाहीत.

रात्री विश्वंभरराव काही बोलले नाहीत.
पेला मात्र त्यांनीच भरला, काठोकाठ,
आणि ओट्यावर ठेवून
चष्मा काढेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

सकाळी मी फळ्यांशी उकिडवी बसले.
दोन बोटं.
पुन्हा मोजलं, दुसऱ्या हातानं. दोन.

डब्यात अर्धा लिटर उरलंय.
त्यावर मी चिठ्ठी चिकटवलीय,
फळ्यावरच्या माझ्या जुन्या अक्षरात:
परभणी, मे. सेहेचाळीस.
दुसरं काही मिसळू नये.